लोकरीचा पुंजका आणि दोन नावं

माझ्यावर चोरीचा आळ आला तो भर दुपारी, डीनसाहेबांच्या खोलीत, पंख्याखाली, समोर चहाचा कप असताना. आणि चोरी कुणाची केली म्हणे? माझीच. आज इतक्या वर्षांनी आठवलं तरी कान तापतात.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापूरच्या एका वैद्यकीय कॉलेजात मी बायोकेमिस्ट्री शिकवत होते, हंगामी म्हणून. हंगामी म्हणजे दर वर्षी ऑर्डर निघायची आणि ती हातात पडेपर्यंत जीव टांगणीला. त्या साली रीडरची कायमची जागा निघाली. ती मिळाली तर माझी प्रयोगशाळा राहणार होती. नाहीतर दुसरं कुणीतरी येणार आणि मी घरी भाकऱ्या थापायला मोकळी. प्रयोगशाळा तरी कसली, जिन्याखालची एक खोली, एक गळका नळ, आणि विजेचा प्रवाह सोडून रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करायची एक पेटी, तीही मी मापं देऊन इथंच बनवून घेतलेली. पण ती माझी होती. त्या खोलीत गेलं की मला माझ्यासारखं वाटायचं.

मुलाखत घ्यायला पुण्याहून एक मोठे तज्ज्ञ आले. आले म्हणजे काय, सकाळच्या गाडीनं उतरले आणि स्टेशनवरूनच कॉलेजची जीप अक्कलकोटला वळवली. आधी स्वामींचं दर्शन, मग आमचा नंबर. तोवर मी बाहेरच्या बाकावर नव्या सुती पातळात घामानं निथळत बसले होते. दुपारी मला आत बोलावलं तेव्हा त्यांच्या कपाळावर गंध होतं आणि चेहऱ्यावर प्रसन्नता होती. मनात म्हटलं, चला, काम होणार.

त्यांनी माझा पेपर पुढ्यात घेतला. दुष्काळात मी आमच्या भागातल्या मेंढ्यांचं रक्त तपासलं होतं, उपाशी जनावरांच्या रक्तातली कुठली प्रथिनं आधी घटतात ते बघायला. आपल्याकडच्याच एका मासिकात तो छापून आला होता.

"बाई, यात जेल धुवायची जी पद्धत आहे, लोकरीचा पुंजका टाकायची, ती कुठून घेतलीत?"

"ती माझीच आहे, सर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि डीनसाहेबांकडे बघून म्हणाले, "ऐकलंत?"

मला काही कळेना. मग त्यांनी तोफ डागली. ही पद्धत पुण्याच्या एका बाईंची. काही वर्षांपूर्वी विलायतेतल्या मासिकात आलेली. तज्ज्ञांचे स्वतःचे विद्यार्थी रोज याच पद्धतीनं जेल धुतात. त्यांच्या ग्रंथालयात परदेशातून जाडजूड खंड येतात, कुणाच्या पेपरचा कुणी कुठं उल्लेख केला ते सांगणारे. त्यात त्या बाईंच्या नावाखाली उल्लेखांची रांग लागलेली, जपान काय, स्वीडन काय, अमेरिका काय. "आपल्याकडच्या प्रथिनांच्या कामाचा एवढा उल्लेख झालेला मी क्वचित पाहिलाय," ते म्हणाले, "आणि तुम्ही खुशाल तिची पद्धत उचलली. पद्धतच नाही, वाक्यंसुद्धा जशीच्या तशी! आणि खाली तिचं नाव द्यायची सभ्यता नाही. याला चोरी म्हणतात, बाई."

मी हसले. खरंच सांगते, हसू फुटलं मला. कारण एकाच दमात दोन गोष्टी कळल्या होत्या. माझा तो विलायतेतला जुना पेपर, जो छापून आल्यावर घरात कुणी उलगडूनही बघितला नव्हता, तो जगभर गाजत होता. आणि मी त्याची चोर होते. हसावं की बोंब मारावी?

"सर," मी म्हटलं, "त्या बाई म्हणजे मीच."

खोलीत कुणी हसलं नाही. डीनसाहेबांनी कपातल्या चहाकडे नजर वळवली. तज्ज्ञांच्या चेहऱ्यावरची प्रसन्नता केव्हाच उतरली होती. ते म्हणाले, "आता हे एक राहिलं होतं!"

आता ती लोकरीची भानगड सांगते, म्हणजे तुम्हीच ठरवा. प्रथिनं वेगळी झाली तरी डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून जेलच्या लिबलिबीत पट्टीवर निळा-काळा रंग चढवायचा. पण रंग सगळ्या पट्टीवरच बसतो. मग ती आम्लाच्या पाण्यात धूत बसायचं, पाणी बदलायचं, पुन्हा धुवायचं, तेव्हा कुठं नको तिथला रंग जातो आणि प्रथिनांचे तेवढे पट्टे उरतात. पुण्यात शिकत असताना मी याला कंटाळून गेले होते. माझं माहेर सांगोल्याकडचं, घरात मेंढरं. लोकर रंग कशी पिते हे मी लहानपणापासून बघत आले होते. एकदा वैतागून मी घोंगडीची दशी तोडली, स्वच्छ धुतली आणि टाकली त्या पाण्यात. दुपारच्या जेवणाहून परत आले तर लोकर निळीशार आणि जेल आरशासारखं साफ! मी एकटीच टाळ्या पिटत नाचले होते. तेवढंच लिहून पाठवलं आणि ते छापून आलं. मग लगेच माझं लग्न झालं.

आमच्याकडं सुनेचं नाव बदलायची रीत. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं, बायकांनी साखर वाटली. आडनाव तर बदललंच, पण पाळण्यातलं नावही गेलं. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला आणि मीही तो जेवले. मला वाईट वगैरे काही वाटलं नाही. सगळ्यांचंच बदलायचं. शिवाय माहेरी मी थोरली, म्हणून घरादाराची ताई. माझं खरं नाव कुणी हाक मारायला वापरतच नव्हतं. ते होतं शाळेच्या दाखल्यावर, डिग्रीवर आणि, आद्याक्षरापुरतं का होईना, त्या एका पेपरवर. दोन्ही नावं मी इथं लिहीत नाही. एक लिहिलं की दुसरं रुसतं.

आता दुसऱ्या पेपरात पहिल्याचा उल्लेख का नाही केला? अहो, घरच्या विळीनं भाजी चिरली तर विळी कुणाची ते मी ताटाखाली लिहू का? आणि दुसरंही एक होतं. तिथं माझं जुनं नाव लिहायला घेतलं तर ते कुठल्या तरी परक्या बाईचं वाटलं. नको म्हटलं, राहू दे.

हे सगळं मी त्या खोलीत सांगितलं. माझ्या फायलीत जुन्या नावाची डिग्री होती आणि तिला लग्नपत्रिका टाचलेली होती. कारकुनानं तेवढ्यावरच मला नोकरीला घेतलं होतं. मी म्हटलं, बघा की. तज्ज्ञांनी बोटाच्या टोकानं पत्रिका उचलली. "पेपरवर फक्त आद्याक्षरं आणि आडनाव आहे. या आडनावाची माणसं तुमच्या जिल्ह्यात गावोगाव मिळतील. आणि पत्रिका काय, कुणीही छापून आणेल."

माझे हातपाय गार पडले. सोलापूरच्या उन्हाळ्यात, बरं का! मी मी आहे हे कसं सिद्ध करतात? आजवर कुणी मागितलंच नव्हतं. डीनसाहेब भले माणूस. त्यांनी मध्ये पडून मुदत मागून घेतली. माझ्या पुण्याच्या मार्गदर्शकांचं पत्र आणायचं आणि नवऱ्यानं कोर्टात प्रतिज्ञापत्र करून द्यायचं, की माझी बायको पूर्वी अमुक नावाची होती. नाहीतर चोरीचा अहवाल विद्यापीठात जाणार. म्हणजे ही नोकरी तर गेलीच, पुढं कुठल्याच कॉलेजची पायरी चढायला नको.

पोस्टात जाऊन पुण्याला ट्रंककॉल लावला. त्या काळी ट्रंककॉल म्हणजे ओरडणं. सगळं पोस्ट कान देऊन ऐकत होतं.

"सर, मी बोलतेय!" मी ओरडले आणि माझं जुनं नाव सांगितलं. ते तोंडातून निघताना जीभ अडखळली.

"अगं, तू आहेस कुठं?" सर तिकडून ओरडले. "तुझ्या नावानं कार्डांचा नुसता पाऊस पडतोय इकडं! पेपरची प्रत पाठवा म्हणून. कुठल्या कुठल्या देशांतून येतात."

"मग तुम्ही काय करता, सर?"

"उत्तर पाठवतो. छापूनच ठेवलंय. बाईंचं लग्न झालं, त्यांनी संशोधन सोडलं."

"सर, मी सोडलं नाही हो!"

"लग्न झालं ना तुझं?"

"झालं."

"मग?"

मी रिसीव्हर धरून तशीच उभी. वाईट माणूस नव्हता हो तो. हाताला धरून शिकवलं मला त्यांनी. पण माझ्या लग्नाचे लाडू खाऊन त्यांनी जगभर माझ्या संशोधनाचं तेरावं घालून टाकलं होतं, आणि मी इकडं जिन्याखाली मेंढ्यांचं रक्त गाळत बसले होते. वेळ संपली म्हणून ऑपरेटरनं फोन तोडला तेव्हा कुठं मी भानावर आले.

सरांचं पत्र आलं आणि सोबत एक पुडकं. त्यात ती कार्डं होती. तिकिटं तेवढी सरांच्या नातवंडांनी कापून घेतलेली. मी ती खाटेवर पसरली. ही माणसं मला ओळखत होती. मी सकाळी पाणी भरत होते, संध्याकाळी पीठ मळत होते, तेव्हा कुठं बर्फात बसलेला कुणी माझं नाव टाइप करत होता. मला एकदम रडूच कोसळलं.

सासूबाई दारात बसून चातीवर लोकरीचं सूत काढत होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. प्रयोगशाळेला लागणारी लोकर त्याच धुऊन, पिंजून, काडीकचरा वेचून द्यायच्या. "काय गं, रडती कशापाई?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी चाती थांबवली. "माज्या सुनंला चोर म्हंतोय? आन लोकर कुणी दिली इचार की त्याला! कोर्टात मीबी येते. बघतेच."

माझे पती एका गिरणीच्या हापिसात हिशेबनीस होते. शांत, सरळ माणूस. ऐकल्यापासून ते माझ्या बाजूनं ठाम उभे. रजा टाकली, पांढरा सदरा घातला आणि रिक्षात बसल्यावर म्हणाले, "काळजी करू नकोस. कुणाच्याही समोर शपथ घेईन मी." मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सांगायला जड जातं.

कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली टायपिस्ट बसायचे. आमच्या टायपिस्टनं कागद चढवला, यांचं नाव, वय, धंदा विचारत खटखट मजकूर सुरू केला. मी जरा बाजूला आत्याबाईंना पाणी देत होते.

"बाईंचं लग्नाआधीचं नाव सांगा, साहेब."

यांनी सांगितलं. जराही न थांबता, ठाम आवाजात. टायपिस्टनं ते टाइप केलं.

ते माझं नाव नव्हतं.

पहिलं अक्षर बरोबर होतं, आडनावही बरोबर. पण नाव भलत्याच बाईचं. मी तांब्या हातात धरून उभी राहिले. वाटलं, चुकून ऐकलं असेल. जवळ जाऊन कागद वाचला. निळ्या शाईत ठळक छापलेलं. ज्या माणसाच्या ताटात मी रोज वाढत होते, ज्यानं तांदळात अंगठी फिरवून माझं एक नाव पुसलं होतं, त्याला त्यानं काय पुसलं ते ठाऊकच नव्हतं. चोर म्हटलं तेव्हा मी हसले होते. इथं मी तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.

"आरं, ते तिचं न्हाय की," मागून आत्याबाई म्हणाल्या. आणि त्यांनी माझं नाव घेतलं. स्वच्छ, पाळण्यात ठेवलं होतं तसंच. "पाठवणीला हिच्या आयनं त्याच नावानं टाहो फोडला व्हता. इसरलास व्हय रं?"

यांचा चेहरा पांढराफटक पडला. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कागदाकडे. "मला तेच वाटलं... अक्षर तर तेच..." असं काहीतरी पुटपुटले आणि नवा स्टॅम्पपेपर आणायला घाईघाईनं निघून गेले. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मला राग आला होता, भयंकर राग, पण तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. मी तरी ते नाव त्यांना कधी सांगितलं होतं?

आत्याबाई बाकावर टेकल्या. पदरानं घाम पुसत टायपिस्टला म्हणाल्या, "माजंबी येक व्हतं बरं का. लगनाआदीचं."

"व्हय का आजी?"

"व्हय." आणि त्यांनी ते सांगितलं. हळू, ओठातल्या ओठात, कुणी रागावेल की काय अशा बेतानं. मी इतकी वर्षं त्या बाईच्या हातची भाकरी खात होते, मला ते ठाऊक नव्हतं. मीसुद्धा कधी विचारलं नव्हतं. "लई दिसांनी घेतलं तोंडात," त्या म्हणाल्या. "त्ये बी ल्ही की तुज्या कागदावर."

"त्याला येगळा स्टॅम्प लागतोय, आजी," टायपिस्ट म्हणाला आणि मशीनची फीत नीट करू लागला.

पुढचं सोपं होतं. बरोबर नावाचं प्रतिज्ञापत्र झालं. तज्ज्ञ पुन्हा आले, सरांचं पत्र वाचलं, कोर्टाचा शिक्का बघितला. मग खाली मान घालून म्हणाले, "बाई, तुम्ही त्याच दिवशी सांगायचं होतं."

"सांगितलं होतं, सर," मी म्हटलं. डीनसाहेबांना एकदम खोकला आला.

जागा मिळाली, जिन्याखालची खोली राहिली. निघताना तज्ज्ञांनी माझ्या जुन्या पेपरची एक प्रत मागितली, वर सही करून. मी विचारलं, कुठल्या नावानं करू? त्यांनी नुसतं पेन पुढं केलं. मग मी दोन्ही नावांनी केली.

त्यानंतरचा मेंढ्यांवरचा पेपर मी विलायतेलाच पाठवला. वर दोन्ही नावं, जुनं आणि नवं, एकाशेजारी एक. शेवटी आभारांत एकच ओळ होती. लोकर धुऊन, पिंजून दिल्याबद्दल अमुक बाईंचे आभार. तिथं मी आत्याबाईंचं लग्नाआधीचं नाव लिहिलं होतं, त्यांनी कोर्टात सांगितलं होतं तेवढंच, आडनावाशिवाय. त्याला स्टॅम्प लागला नाही.

छापलेली प्रत आली त्या संध्याकाळी हे कामावरून लवकर आले होते. कोर्टातल्या त्या दिवसापासून माझं काहीही छापून आलं की ते मुद्दाम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे, समजो न समजो. त्यांच्या परीनं ते भरून काढत होते, मला कळायचं. माझी दोन्ही नावं त्यांनी बोट ठेवून मोठ्यानं वाचली आणि मान डोलावली. मग पानं उलटत शेवटच्या ओळीवर आले. नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ही कोण गं बाई? तुमच्या कॉलेजातली का?"

मी काही बोलायच्या आत दारातून आवाज आला. आत्याबाईंनी मान वर केली नव्हती, चाती फिरतच होती.

"व्हय," त्या म्हणाल्या, "तिथलीच हाय."